प्रार्थनापत्रात सुकटीचं कुठे लिहिणार

वेंगुर्ल्याला येऊन आज सव्वीस दिवस झाले आणि प्रार्थनापत्राची एक ओळ लिहून झालेली नाही. दर तीन महिन्यांनी आमचं एक पत्र जातं, ज्या मंडळ्या (म्हणजे गावोगावची चर्चं) आणि जी घरं आम्हाला पैशाने आणि प्रार्थनेने सांभाळतात त्यांना, आधी पोस्टाने जायचं आता व्हॉट्सॲपवर पीडीएफ. मी लिहिते, मग हे वाचतात आणि दोन-तीन वाक्यं कापतात (नेमकी माझी आवडती), आणि मग पाठवतो. यावेळी लॅपटॉप उघडला की आई हाक मारते नाहीतर लाईट जाते. खरं सांगायचं तर सुचतंय भरपूर पण ते पत्रात बसणारं नाही, म्हणून इथे लिहून टाकते.

नवीन कोणी वाचत असेल तर थोडक्यात सांगते. आम्ही २०१३ पासून नेपाळात असतो, पश्चिमेकडच्या डोंगरात एका मिशन हॉस्पिटलात, हे लॅबमध्ये आणि मी नर्स. गेलो तेव्हा पोरगा एक वर्षाचा होता, आता तेराचा. धाकटी तिथेच झाली, ती आठ वर्षांची. दोन-तीन वर्षांनी एकदा तीन महिन्यांची सुट्टी मिळते आणि सुट्टी म्हणजे काय तर कोकणापासून घाटापर्यंत जिथे जिथे मंडळी आहे तिथे जाऊन स्लाइड दाखवायच्या, साक्ष द्यायची, आणि प्रत्येक घरी जेवायचं. मागच्या सुट्टीत माझं वजन पाच किलो वाढलं होतं ते सेवेतच धरा.

तर आमच्या वेंगुर्ल्यात मिशनरी म्हटलं की माणूस गोराच डोळ्यापुढे येतो. सेंट ल्यूक हॉस्पिटल, मिशनचा बंगला, अमेरिकन डॉक्टर, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. माझी आजी मिशनच्या दवाखान्यात आया होती. मिशनरी म्हणजे जो येतो तो, आणि आपण म्हणजे ज्यांच्याकडे येतात ते, हे डोक्यात इतकं फिट बसलेलं की आम्ही नेपाळला निघालो तेव्हा शेजारच्या काकींनी चक्क विचारलं, "पगार डॉलरात गावता काय गो?" डॉलर कुठले, घरोघरचे दोनशे-पाचशे रुपये असतात ते, आणि कणकवलीकडच्या एक आजी आहेत त्या काजूच्या बिया विकून वर्षाला एकदा पाकीट देतात, त्यावर पेन्सिलीने आमच्या चौघांची नावं लिहिलेली असतात.

दुसरा प्रश्न ठरलेला. परवा बाजारात किराणावाल्याने विचारला, चांगला ओळखीचा माणूस, शाळेत माझ्या दोन वर्गं पुढे होता, "थंय लोकांक बाटवतास काय?" मी म्हटलं अरे तिथे तो गुन्हा आहे, आणि कायदा कडक आहे. नेपाळची मुलुकी अपराध संहिता २०१७ ची, त्यांच्या सालात २०७४ ची, ऑगस्ट २०१८ पासून लागू झाली, तिच्या १५८ कलमात धर्मांतर करवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, परदेशी असला तर शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर. तो म्हणाला मग करतास काय थंय? मी म्हटलं हे दिवसभर टीबीवाल्यांची थुंकी तपासतात आणि मी बाळंतपणं करते. यावर तो जरा गप्प झाला आणि मग म्हणाला, "थुकी तपासूक इतक्या लांब?" काय उत्तर देणार. आमच्यात ज्याला पाचारण म्हणतात, म्हणजे देवाचं बोलावणं, ते नारळ मोजता मोजता समजावून सांगायची गोष्ट नाही. एवढंच म्हटलं की डोंगरातून माणसं बायकोला डोक्यात घालून आणतात. डोको म्हणजे पाठीवरची विणलेली टोपली, तिचा पट्टा कपाळाला लावतात त्याला नाम्लो म्हणतात. दोन दिवस कळा देणारी बाई टोपलीत पाय दुमडून बसलेली असते आणि नवऱ्याच्या कपाळावर पट्ट्याचा वळ उठलेला असतो. तो वळ बघितला की इतक्या लांब का आलो हा प्रश्न निदान त्या दिवसापुरता पडत नाही.

मागच्या आठवड्यात दापोलीकडे एका मंडळीत कार्यक्रम होता, तिथून संध्याकाळी हर्णैला गेलो, पोरांना लिलाव दाखवायला. होड्या आत उभ्या, बैलगाड्या पाण्यात घालून मासळी किनाऱ्यावर, बर्फ, आरडाओरडा, धाकटीने नाक धरलेलं. मला तिथे उभं राहून जॉन विल्सन आठवले, गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते. १८२९ मध्ये नवरा-बायको स्कॉटलंडहून मुंबईत उतरले आणि मराठी शिकायला येऊन राहिले ते या हर्णैला. मार्गारेट विल्सन बाईंनी पुढे मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, आणि १८३५ मध्ये त्या गेल्यासुद्धा, भारतात जेमतेम सहा वर्षं. पण मला शाळांपेक्षा ते हर्णैचे पहिले महिने जास्त डोळ्यासमोर येतात. भर एप्रिल-मेचा घाम आणि समोर कोणीतरी भराभर बोलतंय त्यातलं एक अक्षर कळत नाही. त्यांनी मराठीत काय काय घोळ घातले असतील ते कुठे लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. आमचे मी सांगते.

नेपाळी देवनागरीत लिहितात म्हणून आम्ही निघताना निर्धास्त होतो, अर्धी तर येतेच म्हणे. पहिल्या आठवड्यात शेजारच्या दिदीला मी आमटी दिली, तिने चाखली आणि म्हणाली "मिठो छ". मी मनात म्हटलं मेलं मीठ जास्त पडलं. दुसऱ्या दिवशी मीठ कमी करून दिली, परत "मिठो छ". तिसऱ्या दिवशी जवळजवळ अळणी दिली तेव्हा ती काहीच बोलली नाही, वाटी परत देऊन गेली. महिन्याभराने कळलं मिठो म्हणजे चविष्ट, मिठाला नुन म्हणतात. धाकटी झाली तेव्हा सगळ्या तिला "नानी, नानी" करायच्या आणि हे म्हणाले चार दिवसांच्या पोरीला आजी काय म्हणतायत, तर तिकडे नानी म्हणजे बाळ. आणि सगळ्यात मोठा दगा सुकुटीने दिला. गावातल्या हॉटेलच्या पाटीवर "सुकुटी" लिहिलेलं वाचून माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं की काय सांगू, आत जाऊन दोन प्लेट मागवल्या, आलं ते म्हशीचं वाळवलेलं मटण. वाईट नव्हतं. पण सुकट खायला गेलेल्या बाईपुढे जगातलं काहीही ठेवलं तरी ती रडणारच, आणि मी रडले, हॉटेलात, सगळ्यांसमोर.

त्यावरूनच सांगते, आमच्या सामानात दरवेळी आईची सुकट असते. आई ती आधी निवडते, मंद आचेवर तव्यात खमंग भाजते, गार झाली की वर्तमानपत्रात, त्यावर प्लास्टिक, मग पत्र्याचा डबा, डब्याच्या झाकणाला टेप आणि परत प्लास्टिक. तरी वास येतोच. कुडाळहून मुंबई, मुंबईहून कुशीनगर एक्सप्रेसने दीड दिवस गोरखपूर, तिथून बसने सुनौलीची सीमा, मग भैरहवा, बुटवल आणि वर डोंगर, एवढा प्रवास तो डबा करतो आणि एसी डब्यात लोक आपापल्या बुटांचा वास घेऊन बघतात. एकदा सीमेवर पोलिसाने तो उघडायला लावला, "यो के हो?" मी म्हटलं सुकट. त्याला ऐकू आलं सुकुटी, म्हणाला "केको सुकुटी?" मी म्हटलं माछा. त्याने वाकून वास घेतला, माझ्याकडे बघितलं, पोरांकडे बघितलं आणि स्वतःच्या हाताने टेप परत लावून दिली.

तिकडे मासे अगदीच नाहीत असं नाही, सिद्रा म्हणून सुकी मासळी मिळते बाजारात, पण ती आपली नव्हे. ढिंडो, म्हणजे पीठ शिजवून केलेला घट्ट गोळा, मात्र आपलाच निघाला, कोदोचा करतात आणि कोदो म्हणजे तिकडे नाचणी. आणि टिमुर! पहिल्यांदा बाजारात ते काळपट दाणे हातावर चुरडले आणि मी तिथेच थांबले, हुबेहूब तिरफळं. झाडं वेगळी पण कूळ एकच आहे म्हणे. तेव्हापासून सिद्र्याचं तिखलं करते टिमुर घालून, सोलां इथून नेलेली. दिदीला दिलं तर "मिठो छ" म्हणाली. आता मी ते नीट ऐकते.

इकडे आल्यावर पोरांची वेगळीच गंमत होते. नेपाळात सुट्टी शनिवारी, त्यामुळे उपासना शनिवारी, रविवारी शाळा आणि ऑफिसं चालू. पहिल्या शनिवारी धाकटी सकाळी आंघोळ करून फ्रॉक घालून तयार, चर्चला जायचं म्हणून, आणि आई म्हणते आज खंयचा चर्च? घड्याळ पण पंधरा मिनिटं पुढे, नेपाळची वेळ आपल्यापेक्षा बरोबर पाव तास पुढे असते. आई फोन करायची तेव्हा बारा वर्षं तिचा हिशोब चुकतो, ती पाव तास पुढे धरायचा तर मागे धरते आणि मी ड्युटीवर निघालेली असताना फोन वाजतो.

शनिवारावरून भूकंप. २५ एप्रिल २०१५ ला शनिवारच होता, दुपारचे बारा वाजायला चार मिनिटं. उपासना संपत आली होती, आम्ही खाली सतरंजीवर बसलेलो, बायका एका बाजूला पुरुष एका बाजूला, मादल वाजवणारा मुलगा वाजवायचा थांबला आणि तरी मादलवर काहीतरी वाजतच राहिलं, छताची माती पडत होती त्याच्यावर. केंद्र गोरखा जिल्ह्यात बार्पाकला, ७.८ चा. आमच्याकडे भिंतींना भेगा गेल्या, बाकी वाचलो. देशभरात जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. हे टीमबरोबर तिसऱ्या दिवशी गोरख्याकडे गेले आणि मी तीन वर्षांच्या पोराला घेऊन शेतात ताडपत्रीखाली, १२ मेला परत ७.३ चा झाला तेव्हा तिथेच होते. ते पत्र आम्ही पाठवलं आणि इतकी उत्तरं आली, इतके पैसे आले, ज्या मंडळ्यांनी कधी नाव ऐकलं नव्हतं त्यांनीसुद्धा पाठवले. त्याबद्दल मनापासून आभारच आहेत.

पण माझ्या मनात जास्त खोल बसलीय ती त्यानंतरची नाकाबंदी आणि तिचं कुणाला काही माहीतच नाही. सप्टेंबर २०१५ ला त्यांचं नवं संविधान आलं आणि लगेच सीमेवरून ट्रक येणं बंद झालं. पेट्रोल नाही, गॅस नाही, औषधं नाहीत. नेपाळी म्हणायचे भारताने केलंय, भारत सरकार म्हणायचं आम्ही नाही, तराईतल्या मधेशी लोकांचं आंदोलन आहे. खरंखोटं मोठ्यांनी बघावं. डोंगरात आमच्यापुरतं एवढंच होतं की आम्ही इंडियन. अर्धा भरलेला सिलेंडर मिळायचा तोही रांग लावून, आणि रांगेत मी उभी राहिले की पुढच्या-मागच्या बोलायच्या थांबायच्या. नळावर तर एक बाई माझी बादली बाजूला सरकवून गेली, जोरात नाही, पायाने नुसती सरकवली. मी ती उचलली आणि घरी आले, पाणी न घेताच. गॅस संपला होता, चूल मांडायला परसात तीन दगड होते पण लाकूड नव्हतं आणि मागायचं कुणाकडे.

संध्याकाळी दिदी आली. पाठीवर डोको, डोक्यात लाकडं. दारात ओतली. मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, माझं नेपाळी अशा वेळी हमखास मराठीत घसरतं, तर ती म्हणाली, "नाका तिमीले बन्द गरेको हो र?" म्हणजे नाका काय तू बंद केलायस? आणि मग, "भात पकाऊ, बाबु भोको होला." भात शिजव, बाळाला भूक लागली असेल. पैसे दिले ते तिने घेतले नाहीत. पुढे फेब्रुवारीत नाकाबंदी उठेपर्यंत दर चार दिवसांनी लाकडं आली आणि मी वर सांगितलं त्या बाईसकट सगळ्या नळावर परत बोलायला लागल्या, कारण दिदी माझ्याबरोबर पाण्याला यायला लागली होती. तिला स्वतःला गुडघेदुखी.

हे मी पत्रात लिहिलं होतं. यांनी कापलं. म्हणाले लोकांना वाटेल आम्ही इथून पैसे पाठवतो आणि हे तिकडे शेजाऱ्यांची लाकडं जाळतात. मी चिडले होते, आणि यांचंही चुकलं नव्हतं.

प्रार्थनापत्राची एक भाषाच असते. "प्रवास सुखरूप झाला" म्हणजे धाकटी बुटवलच्या वळणांवर चार वेळा ओकली. "आर्थिक गरजांसाठी प्रार्थना करा" म्हणजे दोन मंडळ्यांनी देणं बंद केलंय आणि का ते विचारायची लाज वाटते. "मुलांच्या शिक्षणासाठी प्रार्थना करा" म्हणजे काल रात्री आम्ही दोघं भांडलो. आणि समोरच्यांचीही भाषा ठरलेली असते. या सुट्टीत एका शहरातल्या मोठ्या मंडळीत (नाव घेत नाही) स्लाइड संपल्यावर पहिलाच प्रश्न आला, बारा वर्षांत किती लोक प्रभूकडे आले, आकडा सांगा. दुसरा, फोटोत मुलं एवढी हसरी कशी, गरिबी दिसेल असे काही नाहीत का. हे शांतपणे म्हणाले, "आहेत, पण ते त्या मुलांचे आहेत." मला इतका अभिमान वाटला की परतीच्या एसटीत मी यांना खिडकी दिली. उलट इथल्या मंडळीत उपासना सुटल्यावर एका म्हाताऱ्या मावशींनी हात धरून विचारलं, "थंय मासे गावतत काय गो?" मी म्हटलं नाय मावशे. "मग रवतंस कशी?" आणि त्या खरोखर काळजीत पडल्या. बारा वर्षांत आमच्या सेवेबद्दल कोणी विचारलेला सगळ्यात समजूतदार प्रश्न.

आता जे लिहायचं टाळतेय ते. पोरगा आठवीत जाणार. आमच्या डोंगरातल्या शाळेत आहे तेवढं शिक्षण त्याचं झालं, पुढे काठमांडूला हॉस्टेल नाहीतर इकडे. आई पहिल्या दिवसापासून म्हणतेय, "झिलाक हंय ठेय. मी आसय मां." मी म्हटलं तुला झेपेल का, तर म्हणाली, "तू गेलंस तेवा मी तुका अडवलंय काय?" याला उत्तर नसतं. शाळेचा फॉर्म आणून कपाटावर ठेवलाय. पोराला विचारलं तर म्हणाला "म सोच्छु", विचार करतो. आजीला कळू नये असं काही असलं की तो नेपाळीत बोलतो.

मिशनच्या बंगल्यावरून हल्ली जाते तेव्हा हेच डोक्यात असतं. याच वेंगुर्ल्यात १५ ऑगस्ट १९१९ ला रॉबर्ट गोहीन जन्मले, मिशनच्या डॉक्टरांचा मुलगा. पुढे १९५७ पासून पंधरा वर्षं ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष होते, १९७७ ला अमेरिकेचे राजदूत म्हणून भारतात परत आले. शाळेत आम्हाला हे फार अभिमानाने सांगायचे, आपल्या वेंगुर्ल्याचा झील राजदूत झाला. मी तेव्हा टाळ्या वाजवल्यात. आता मला आकडे वेगळे दिसतात. अमेरिकेला शिकायला गेला तेव्हा तो किशोरवयाचा होता. आई-वडिलांपासून लांब, बोटीने कित्येक आठवडे. मिशनऱ्यांच्या पोरांसाठी कोडाईकनालला १९०१ साली शाळाच काढली होती, म्हणजे पोरं लांब ठेवायची हे तेव्हा इतकं ठरलेलं होतं की त्यासाठी डोंगरावर इमारती बांधल्या. आजी सांगायची, कुठली मडम ते तिला आठवत नव्हतं, पण पोरं शाळेला गेली की ती मडम दोन दिवस दवाखान्यात यायची नाही आणि तिसऱ्या दिवशी यायची ती सगळ्यांना ओरडत यायची, मलमपट्टीचे बोळे मोजून घ्यायची. आम्ही पोरं यावर हसायचो, आजी मडमेची नक्कल करायची ना. पाचारण त्या मडमेला आलेलं, मुलांना कोणी विचारलं होतं की नाही कोण जाणे.

हे म्हणतात घाई करू नको, अजून दोन महिने आहेत. यांना सगळ्यात अजून दोन महिने असतात. मी रात्री दोनदा उठून पोराच्या अंगावरचं पांघरूण बघून येते, मे महिन्यात, वेंगुर्ल्यात, जिथे पांघरूण कोणी घेतच नाही.

तर आज सकाळी परत लॅपटॉप घेऊन पडवीत बसले. "प्रभूच्या कृपेने आम्ही सर्व सुखरूप आहोत" इथपर्यंत झालं. "मुलांच्या शिक्षणासाठी प्रार्थना करा" हे पण टाईप केलं, पुढे दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. आई समोर सूप घेऊन सुकट निवडत होती, पाऊस लागायच्या आधी करून ठेवायची म्हणून, कचरा बाजूला काढत, मान वर न करता म्हणाली, "किती बांधू गो? तिगांची काय चौघांची?"

पोरगा पायरीवर बसला होता.

"चौघांची बांध," मी म्हटलं. "उरली तर दिदीला देईन."